पायाने वाजवायच्या डब्याची खंडेपूजा

मी एकदा गिटारच्या मशीनपुढे नारळ फोडला होता. पुढे म्हणजे इतक्या पुढे, की निम्मं पाणी मशीनच्या पोटात गेलं.

हे माझ्या तरुणपणी घडलं. म्हणजे गेल्याच्या आदल्या दसऱ्याला. तेव्हा मी नुकतीच सत्तरीत शिरले होते आणि वयाच्या मानाने फारच अल्लड होते. आता बरीच पोक्त झाले आहे. (मिक्सर लावताना झाकण हाताने दाबून धरते, आणि नव्या वस्तूला हात लावण्याआधी घरात कोणाला तरी विचारते.) पण तेव्हाची मी आज रस्त्यात भेटली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

माझी नात सई सांगलीला इंजिनिअरिंग शिकते. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, फौजेत आहे, सध्या तिकडे आसामात. त्यामुळे सुट्टी लागली की सई पलूसला आमच्याकडे येते, आणि तिच्याबरोबर तिची गिटार येते. आमच्या घराण्यात याआधी तारांशी संबंध आला तो फक्त कुंपणाच्या. त्यामुळे ही पोरगी तारा छेडत बसलेली पाहून भावकीतली माणसं माझ्याकडे जरा काळजीने बघायची.

त्यात आमचे सुभेदार. म्हणजे माझे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण शेतातला ऊसदेखील सावधानमध्ये उभा असावा असं त्यांना अजून वाटतं. गिटारबद्दल त्यांचं मत विचारायची कोणाची हिंमत नव्हती. ते त्यांनी एक दिवस आपणहून सांगितलं.

झालं असं, की साताऱ्याच्या एका बँडला गिटार वाजवणारं कोणीतरी हवं होतं. त्यांनी सईला निरोप धाडला, दसऱ्याला सगळ्यांना सुट्टी आहे, ये आणि वाजवून दाखव. सई नाचतच आबांकडे गेली. सुभेदारांनी पेपरची घडी घातली. ते पेपरची घडी घालतात तेव्हा आमच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी मारायची थांबतो.

“त्या पोरांनी घेतलं तर खुशाल वाजीव,” ते म्हणाले. “न्हाई घेतलं, तर गिटार माळ्यावर. मग अभ्यास एके अभ्यास. कबूल?”

“कबूल,” सई म्हणाली, आणि मी माळ्याकडे बघितलं. कारण आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आल्याचं मी लग्न झाल्यापासून पाहिलेलं नाही.

आता अडचण अशी, की बँडवाल्यांनी कळवलं होतं, अ‍ॅम्प आमच्याकडे नाही, नुसता स्पीकर आहे, स्वतःचं फ्लोअर युनिट आण. हे काय असतं ते सईने मला समजावलं. गिटारचा आवाज मोठा करायला कपाटाएवढा अ‍ॅम्प लागतो. असे नाना तऱ्हेचे अ‍ॅम्प असतात, एकाचा आवाज गोड, दुसऱ्याचा खरखरीत. हे युनिट म्हणजे जमिनीवर ठेवायचा एक डबा. त्यात गिटारची वायर घातली की तो हव्या त्या अ‍ॅम्पचा आवाज काढतो.

“म्हंजी नकला करतो,” मी म्हणाले.

“त्याला मॉडेलिंग म्हणतात, आजी.”

“तमाशात त्याला सोंगाड्या म्हंत्यात.”

सईला परवडणाऱ्यातलं घ्यायचं होतं. परवडणारं म्हणजे कोणाला, हे ती मोबाईलवर बघायची त्या व्हिडिओंतली माणसं सांगत नसत. ती फक्त भांडत. एक दाढीवाला म्हणे, याच्यासारखा डबा नाही. दुसरा दाढीवाला म्हणे, हा डबा घेणाऱ्याला गिटारमधलं काही कळत नाही. सई दोघांचंही ऐकून नखं खायची. घ्यायचं एकच, ते चुकलं तर साताऱ्यात फजिती, फजिती झाली तर माळा. तिच्याबरोबर मीही नखं खायला लागले. (माझी तेव्हा कवळी नवी होती, त्यामुळे मजा यायची नाही.)

शेवटी आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या इम्रानच्या दुकानात मागच्या भिंतीला भोपळ्याचे तंबोरे टांगलेले आणि पुढच्या टेबलावर हे चपटे काळे डबे. त्याचे वाडवडील तंबोरे घडवायचे. हा माझ्या मुलाच्या वयाचा आणि स्वभावाने गरीब. त्याने सईपुढे तीन डबे मांडले, आणि मी ते जावई बघावा तसे बघितले.

पहिला दिसायला देखणा, नाजूक, खिशात मावेल असा. पण त्याला काहीही करायचं झालं तर मोबाईल लागतो. आवाज बदलायचा, मोबाईल. कमी-जास्त करायचा, मोबाईल.

“हे स्थळ नको,” मी म्हणाले. “आईला फोन केल्याबिगर पाणी बी प्यायचा न्हाई.”

दुसऱ्याला रंगीत पडदा होता, पण बटणं खेटून खेटून. तिसरा सावळा, लोखंडी, हातात घेतला तर वरवंट्यासारखा. त्याची बटणं ऐसपैस, आणि कडेला शिलाई मशीनला असतो तसा एक पाय-पेडल. सईचं मन दुसऱ्या-तिसऱ्यात हेलकावे खात होतं. ती मला म्हणाली, “तू पण ऐक ना,” आणि तिने माझ्या कानाला हेडफोन लावला.

त्या वेळी डबा कुठल्या आवाजावर होता हे कोणीच पाहिलं नव्हतं. सईने तार छेडली. माझ्या एका कानातून ऊसतोडणीचं यंत्र शिरलं आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडलं. मला वाटलं, डोक्यातली एखादी शीर गेली. मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं आणि मनातल्या मनात दागिन्यांची वाटणीसुद्धा करून टाकली. थोड्या वेळाने इम्रानने हेडफोन काढला.

“कसं वाटलं, आज्जी?”

“मी कुठाय?” मी विचारलं.

पाणी पाजल्यावर मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, “आज्जी, आता बटन दाबून बघा. पायानं.”

“पायानं? वाद्याला?”

आमच्याकडे पेटीला, ढोलकीला, अगदी शाळेच्या दप्तराला पाय लागला तरी वाकून हात लावायचा आणि तो डोळ्यांना लावायचा, असं वळण. आणि इथे हा माणूस मला वाद्यावर उभं राहायला सांगत होता, तेही तंबोऱ्यांच्या देखत.

“पाय लावल्याबिगर हे बोलतच न्हाई,” इम्रान म्हणाला. “ल्हानपणी माझा पाय तंबोऱ्याला लागला तवा आजोबांनी मला असा हाणला, अजून पाठ दुखती. आन आता मी हे विकतोय. काय करनार? रोज दुकान उघडलं की सगळ्यांची एकदम माफी मागून टाकतो.”

मी चप्पल काढली, दुसऱ्या डब्याला नमस्कार केला आणि अंगठ्याने एक बटण दाबलं. दोन दाबली गेली. परत दाबलं, परत दोन. आवाज एकदम गोडाचा भुंकल्यासारखा झाला. सईने दाबून पाहिलं, तिचंही तेच. (पाय आमच्या घराण्यात सगळ्यांचे सुभेदारी.) भर गाण्यात असं झालं तर काय, या विचाराने ती पांढरी पडली. मग तिसऱ्यावर पाय ठेवला. एक बटण, एक आवाज.

“हाच,” सई म्हणाली. अशा रीतीने दोन्ही दाढीवाल्यांना बाजूला सारून आमच्या घरचा डबा माझ्या पायाच्या अंगठ्याने निवडला. इथेच मी थांबले असते तर आज घरात मला मान असता.

पण घरी आल्यापासून माझं मन मला खायला लागलं. सई रोज हेडफोन लावून त्या डब्यावर पाय आपटायची. तिला सरावाचा आनंद, मला पापाची धास्ती. साताऱ्याची परीक्षा आणि आपण वाद्याला लाथा घालतोय. कोपला तर? इम्रान निदान रोज माफी मागत होता. आमच्याकडून कोण मागणार?

आणि खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्या ओसरीवर घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं. विळे, खुरपी, पहार, औषध मारायचा पंप, माझं शिलाई मशीन, सुभेदारांचा फौजेतला चाकू. ट्रॅक्टर मावत नाही म्हणून तो अंगणातूनच पूजा घेतो. सुभेदार पूजा उरकून मळ्यात फेरी मारायला गेले. सईने दुसऱ्या दिवसासाठी बॅग भरून ठेवली आणि ती मैत्रिणीकडे गेली. घरात मी एकटी. आणि बॅगेत तो बिचारा, लोखंडी असून पूजेविना.

मी त्याला बाहेर काढलं. पंप आणि पहार यांच्या मधे जागा केली. प्रत्येक बटणाला हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. पाय लागेल त्याची आगाऊ क्षमा मागितली. इथपर्यंत कोणत्याही शहाण्या बाईने केलं असतं. मग मी नारळ घेतला.

सुभेदार नारळ फोडतात तेव्हा तो एका घावात दोन वाट्या होऊन हातात येतो. माझा नारळ पहारीवर आपटला, तिथून उडाला, आणि फुटला तो थेट डब्याच्या डोक्यावर. बटणांच्या फटींतून पाणी आत गेलं. मी ऐकलं. बारीक आवाज होता, घोट घेतल्यासारखा.

मी पदराने पुसलं, उन्हात धरलं, उलटं केलं. आत काही आहे की नाही कळेना. डबा चालू करून बघायची माझी छाती नव्हती. वीज आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं विज्ञान मला येत होतं. आणि दुर्दैवाने आणखीही थोडं येत होतं. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, हे मी ऐकलं होतं.

मी कोठीत गेले, तांदळाच्या डब्यात हा डबा आडवा पुरला, वरून तांदूळ ओतला आणि झाकण लावलं. नंतर झाकणावर बसले. का बसले, ते आजही सांगता येणार नाही. मुडदा लपवणारी माणसं अशीच कशावर तरी बसत असावीत.

उन्हं कलली तशी सईची चाहूल लागली. मी तांदळातून डबा उपसला, फुंकर मारली, पुसला आणि बॅगेत सारला. चेन लावते न लावते तोच ती दारात.

“आजी, जरा एकदा वाजवून बघते. बटणांची सवय पाहिजे.”

“आज नको,” मी म्हणाले.

“का?”

“खंडेनवमीला हत्यार हलवत न्हाईत.” (हे खरंच आहे. घाबरलेल्या माणसाला खरी गोष्ट सापडली की तो तिला किती घट्ट धरतो बघा.)

“पण त्याची कुठं पूजा केलीय?”

यावर मी तिच्या हातात झेंडूचं टोपलं दिलं आणि दाराची तोरणं करायला बसवलं. दारं संपली तशी खिडक्यांची. खिडक्या संपल्यावर गोठ्याची. म्हणजे जी चूक घरच्या घरी कळली असती, ती मी जपून साताऱ्यापर्यंत न्यायची व्यवस्था केली.

सकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. सुभेदार गाडी चालवत होते, मी मागे बॅग मांडीवर घेऊन. प्रत्येक गतिरोधकाला मला आतलं पाणी डुचमळल्यासारखं वाटायचं. कराडपर्यंत मी सगळ्या देवांना साकडं घातलं. उंब्रजनंतर देव संपले, मग गेलेल्या सासूबाईंना घातलं.

सुभेदारांनी आरशातून पाहिलं. “बाँब धरल्यावानी का धरलीयास ती बॅग?”

“हादरं बसू न्हाईत म्हनून.”

“आजीला माझी लय काळजी,” सई म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या क्षणी गाडीतून उडी मारावी असं मला वाटलं, पण मांडीवर बॅग होती.

साताऱ्यात त्या मुलांची खोली एका बंगल्याच्या तळमजल्यावर. भिंतींना छतापर्यंत अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मला वाटलं, कोंबड्यांचा धंदा बुडाल्यावर ही पोरं गाण्याकडे वळली असावीत. आवाज घुमू नये म्हणून ते लावतात हे मला नंतर कळलं. त्यांचा म्होरक्या ओंकार नावाचा उंच मुलगा होता. त्याचा अंबाडा माझ्या अंबाड्याच्या दुप्पट. बाहेर पायरीवर आणखी एक गिटारवाला आपली पाळी येण्याची वाट बघत होता. तो निवांत होता. त्याच्या आजीने काही केलेलं नसावं.

सईने डबा जमिनीवर ठेवला आणि वीज लावली. मी एका अंड्याच्या ट्रेला धरून डोळे मिटले. धूर नाही, ठिणगी नाही. डोळे उघडले तर डब्याचा दिवा हिरवागार. सासूबाई पावल्या. मी श्वास सोडला.

मग सईने गिटारची वायर लावली. ती भोकात निम्मी गेली आणि अडली. सईने जोर दिला, तशीच. तार छेडली, तर गोमाशी गुणगुणावी तसा आवाज.

“दुसरी वायर लाव,” ओंकार म्हणाला. दुसरीही निम्मीच गेली. सईने फिरवून पाहिलं, काढून पाहिलं. तिच्या कपाळावर घाम आला. पायरीवरचा तो मुलगा उठून दारातून डोकावला.

“पाहिजे तर तू नंतर वाजव,” ओंकार सौम्यपणे म्हणाला. “याचं ऐकून घेतो.”

सई खाली बसली. वायर हळूहळू गुंडाळायला लागली. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मला निवडताच आलं नाही. दुसरं घ्यायला पाहिजे होतं. आबा, चला.”

सुभेदारांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, आणि मला आमच्या माळ्याची शिडी डोळ्यांसमोर दिसली. गप्प राहिले असते तर दोष इम्रानच्या दुकानावर गेला असता, नाहीतर पोरीच्या निवडीवर. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. तोंड मात्र आपोआप उघडलं.

“मी त्याला तांदळात ठिवलं हुतं.”

सईने मान वर केली.

“कशाला?”

“वाळायला.”

“ओलं कशानं झालं?”

“नारळाच्या पान्यानं.”

“नारळ कुठनं आला?”

“पूजेचा.”

“कुणाची पूजा?”

“त्याचीच.”

ओंकारने आपल्या अंबाड्यावर हात ठेवला. सईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड उघडं. मी सुभेदारांकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, परेडच्या मैदानावर यायचा तसा.

“सगळ्या वायरी काढ.”

सईने काढल्या. सुभेदार गुडघ्यावर बसले. त्यांनी डबा उचलला, भोकं खाली केली आणि तळव्याने त्याच्या पाठीत सावकाश थापट्या मारल्या. मला म्हणाले, “राजस्थानात बूट घालायच्या आदी आमी असाच झटकायचो. आत इंचू असायचा.”

टप. एक तांदूळ फरशीवर पडला.

टप. आणखी एक, पिवळा, हळदीचा.

सुभेदारांनी तो उचलला, चिमटीत चुरडून नाकाशी नेला. “इंद्रायनी,” ते म्हणाले. “म्हंजी ह्यो आपल्याच घरचा.” आणि डबा नातीच्या पुढ्यात ठेवला. “लाव आता.”

वायर आत गेली. कट्ट झालं. माझ्या आयुष्यात इतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही, आणि यात माझ्या मुलांचं पहिलं रडणंही धरलं आहे.

सईने डोळे पुसले. सँडल काढली. खाली वाकून डब्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला, आणि बटण दाबलं. एक बटण, एक आवाज. पुढे तिने काय वाजवलं ते मला कळलं नाही. ऊसतोडणीचं यंत्र पुन्हा आलं, पण या वेळी ते आमच्याच शेतात आल्यासारखं वाटलं. सुभेदार हात मागे बांधून, पाय फाकवून विश्राममध्ये उभे होते. त्यांच्या उजव्या बुटाचं टोक हलत होतं. मी ते पाहिलं हे त्यांना अजून माहीत नाही.

ओंकारने पायरीवरच्या मुलाचंही ऐकलं. तो बरा वाजवायचा, असं सईच म्हणाली. आम्ही तोवर गाडीत बसून होतो, आणि माझी नखं संपली होती. शेवटी ओंकार बाहेर आला आणि गाडीच्या काचेशी वाकला.

“सई, शनिवारपासून प्रॅक्टिसला ये.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आजी, तुम्ही पण या. फक्त बॅग तपासून आत सोडू.”

परतीच्या वाटेवर कराडला सुभेदारांनी आरशातून सईकडे बघितलं. मग म्हणाले, “तसं बी माळ्यावर जागा कुठाय.” आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. सई आपट्याची पानं घेऊन माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आता ती काय बोलते याची वाट बघत बसले, कारण तांदळाचा हिशोब अजून व्हायचा होता. तिने पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली,

“आजी, पुढच्या खंडेनवमीला मशीनऐवजी मी तुझी पूजा करते. तू नुसती पाटावर बस, हळदकुंकू तुलाच लावते. नारळाचं पाणी सांडलं तरी चालेल, तुझ्यात बिघडायला आता काही शिल्लक न्हाई.”